घडीच्या फोनला विभूती

"अप्पा, तुम्ही सांगा. चालंल का हे?"

हरिओमशेठने असं विचारलं आणि विरूपाक्षच्या चिमटीतली काच हवेतच थांबली. समोर एका बाईंचा फोन उघडा पडला होता, पुसून-पासून लखलखीत केलेला, नुसती काच टेकवायची बाकी. पण हाताने ऐकलं नाही. काच टेकली ती वाकडी, आणि मधोमध हरभऱ्याएवढा बुडबुडा उठला.

"अगं बाई, अप्पांच्या हातून बुडबुडा?" ती बाई म्हणाली.

लातूरच्या गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी ज्या रस्त्यावर हे दुकान आहे, तिथे ही बातमी म्हणण्याजोगी गोष्ट होती. मोबाइलच्या पडद्यावर काच बसवावी तर विरूपाक्षअप्पांनी, असं अख्खं लातूर नाही तरी निम्मं लातूर मानायचं. धुळीचा एक कण दिसला तरी हा गृहस्थ काच परत उचलायचा, बारीक कुंचल्याने झटकायचा, चिकटपट्टीने टिपायचा आणि पुन्हा बसवायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तर घाईत असू दे. पण आज शेठने त्याला मत विचारलं होतं, आणि अशी वेळ चौदा वर्षांनी आली होती.

चौदा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते सांगायलाच हवं. विरूपाक्ष या दुकानात आला तो शेठच्या वडिलांच्या काळात, एसटीडी बूथवर बिलं फाडायला. पुढे मोबाइल आले, आणि कोणता फोन खपेल, कोणता पडून राहील, हे त्याने सांगावं आणि तसंच घडावं. जुने शेठ तर म्हणायचे, याच्या जिभेवर तीळ आहे. मग टच स्क्रीन आला. हरिओमशेठने नवीनच गल्ला हाती घेतला होता. त्यांनी विचारलं तेव्हा विरूपाक्ष छातीठोकपणे म्हणाला होता, "शेठ, बोटानं काच घासून कोण फोन लावून राहिलंय? बटन दाबल्याबिगर मानसाला दाबल्यावानी वाटत न्हाई. फॅड हाय. जाईल."

फॅड गेलं नाही, गिऱ्हाईक गेलं, समोरच्या दुकानात. बटणांच्या फोनने भरलेलं एक कपाट पुढे तीन वर्षं संपता संपेना. शेठ त्यावर एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं विरूपाक्षला किती तरी वेळा वाटलं. त्यांनी फक्त विचारणं सोडलं. त्याला काच बसवायला एक कोपरा दिला, चांगला दिवा दिला, पगारही वेळच्या वेळी वाढवला. पण नवीन माल आला की शेठ पेट्या उघडायचे आणि विरूपाक्ष मान खाली घालून काचा बसवत राहायचा.

आणि आज शेठ हातात घडीचा फोन घेऊन उभे होते.

वहीसारखा उघडणारा फोन. मिटला की खिशात, उघडला की पाटीएवढा. किंमत दीड लाखाच्या वर.

"कंपनीचा साहेब सोमवारी यायलाय," शेठ म्हणाले. "त्यांना आपला समोरचा काउंटर पायजे. दसऱ्याच्या आधी वीस पीस उचलायचे, बाकीचा माल मागं. ते म्हणतेत, आता घडीचा फोन घराघरात जानार. मला समजंना. हा दाखवायचा पीस हाय. दोन दिवस घरी न्या, वापरा, अन् सोमवारी साहेबाच्या समोरच सांगा, चालंल का न्हाई."

विरूपाक्षने फोन दोन्ही हातांनी घेतला. आणि खरं सांगायचं तर उत्तर तिथेच ठरलं. हो म्हणायचं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, पण विरूपाक्षचं तोंड 'नाही' म्हटल्यामुळे पोळलं होतं. आता जन्मात कशालाही नाही म्हणायचं नाही, ही त्याची तेव्हाचीच खूणगाठ होती. शिवाय आतल्या पडद्याला काच लागत नव्हती. घडीच्या फोनला काच बसतच नाही. म्हणजे आपण नाही म्हणालो तर लोक म्हणणार, अप्पाला आपल्या काचेची काळजी. तेव्हा हो, आणि हो ते मोठ्याने.

संध्याकाळी घरी जाताना रेणापूरच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. त्याने फोन काढला, मिटलेला. पुढच्या थांब्यापर्यंत धीर धरला, मग सावकाश उघडला.

"अगागा!" शेजारी लिंबाजी बसला होता, बाजारात भुईमुगाच्या शेंगा विकणारा. "अप्पा, हे काय म्हनायचं? मोडला का?"

"मोडला न्हाई. असाच हाय. घडीचा."

मग काय, निम्मी बस आसनांवरून उठली. ज्याला त्याला एकदा मिटायचा होता आणि एकदा उघडायचा होता. एक आजीबाई म्हणाल्या, मिटल्यावर आतलं माणूस चेंगरत नाही का. कंडक्टर प्रियदर्शनी तिकिटं फाडत फाडत आली आणि तिथेच थबकली.

"अप्पा, पडला तर?"

"जपायचा."

"अन् मदी काही गेलं तर?" लिंबाजीने विचारलं. मांडीवरच्या पिशवीतून शेंगदाणा काढून त्याने चिमटीत धरला. "समजा हे गेलं. अन् मिटला. मंग?"

बस हसली. विरूपाक्षही हसला आणि त्याने घाईघाईने फोन मिटून वरच्या खिशात टाकला. पण रेणापूर येईपर्यंत निदान सहा जणांनी तेच विचारलं. एकाने तंबाखू म्हटलं, एकाने ज्वारीचं कणीस. सगळ्यांच्या डोळ्यांत मात्र हाव अशी होती की विरूपाक्षच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फोन आपल्या बापाचा नाही, हे तो पार विसरला होता.

घरी बायको मंजुश्री, आणि आई मल्लम्मा. मल्लम्माला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदू काढून दोन वर्षं झालेली, कंबर ताठ आणि जीभ त्याहून ताठ. नात शिवानी नांदेडला नर्सिंग शिकत होती. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, आणि दर रविवारी अव्वा त्या टीचभर पडद्यात डोळे बारीक करून बघायची, आणि "दिसली, दिसली" म्हणायची. दिसायचं काहीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या रविवारी विरूपाक्षने नात घडीच्या फोनवर दाखवली. अव्वाच्या मांडीवर फोन वहीसारखा उघडून ठेवला.

अव्वा वाकून बघू लागली. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"हनुवटीवरचा तीळ दिसून राहिला मला," ती म्हणाली. "पोरी, तू वाळलीस गं. जेवत न्हाईस का?"

"जेवते की आजी!" शिवानी तिकडून ओरडली. "तुला तीळ दिसला? खरंच?"

"तीळ दिसला, मागं वाळत घातलेला टावेल दिसला. घडी घालून ठेव तो."

मंजुश्रीने पदर डोळ्याला लावला, आणि विरूपाक्षला इतका आनंद झाला की त्याला काही सुचेना. सोमवारी साहेबासमोर हेच सांगायचं, त्याने ठरवलं. तीळ दिसला म्हणून सांगायचं. आणखी काय पाहिजे?

फोन झाला तशी अव्वा उठली. "अशी गुनाची वस्तू घरात आली अन् तिला अजून विभूती न्हाई?"

या घरात नवी वस्तू विभूतीशिवाय वापरली जात नसे. शिलाई मशीन, फ्रिज, शिवानीची गुणपत्रिका, एवढंच काय, महिन्याचं भरलेलं सिलिंडरसुद्धा दारात आलं की अव्वा आधी विभूतीची वडी तळहातावर घासायची, तीन बोटं टेकवायची आणि तीन पांढऱ्या रेघा ओढायची, मगच ते आत जायचं. आणि त्या रेघा पुसायच्या नाहीत. आपणहून जातील तेव्हा जातील, असा तिचा कायदा. साठ वर्षांत तिच्या हातची एकही वस्तू बिघडली नाही, असं ती सांगायची. एक मिक्सर जळाला होता, पण तो ती तीर्थयात्रेला गेलेली असताना आणलेला होता.

तिने मिटलेल्या फोनवर तीन बोटं ओढली. मग म्हणाली, "उघड. आतबी नवाच हाय ना?"

आणि विरूपाक्षने उघडला. एका कणासाठी काच परत उचलणारा हा माणूस, चौदा वर्षं धुळीशी भांडून पोट भरलेला, आईपुढे फोन उघडून धरून मान वाकवून उभा राहिला. त्याच्या मनात शंकासुद्धा आली नाही. विभूती म्हणजे धूळ, असं त्या घरात कुणाच्या मनात येणार? अव्वाने वरपासून खालपर्यंत घडीवरून आडव्या तीन रेघा ओढल्या, पुटपुटली, हात जोडले. त्यानेही जोडले. आणि फोन टप्पकन मिटला.

दुपारी शेजारच्यांना दाखवायला उघडला तेव्हा पहिल्यांदा आवाज आला.

कर्रर्र.

"सुपारी फोडून राहिलात का?" मंजुश्रीने आतून विचारलं.

विरूपाक्षने फोन कानाला लावून हळूच मिटला. कर्रर्र. पुन्हा उघडला. मग त्याने कामाची पिशवी काढली, कुंचला घेतला, चिकटपट्टी घेतली, चष्मा लावून दारातल्या उजेडात बसला. पण विभूती धुळीपेक्षा बारीक. कुंचल्याने झटकावी तर बिजागरीत आणखी खोल जायची. चार वाजेपर्यंत फोन पुरता सपाट उघडेना. पाचला घडीवरून एक काळी रेघ वरपासून खालपर्यंत उतरली. शिवानीचा तीळ होता त्याच जागेवरून.

फोनचं तर झालंच, पण उद्याचं काय? चौदा वर्षांनी विचारलं शेठने, आणि आपण हे घेऊन जायचं?

अव्वा भिंतीला टेकून सगळं बघत होती. "माझ्या हातानं झालं का रं?"

"न्हाई अव्वा. पीसच कच्चा हुता," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. तिने विभूतीचा डबा उचलला आणि हात पुरेल तेवढ्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

सोमवारी सकाळी सकाळीच सिलिंडर आलं. विरूपाक्ष निघायच्या तयारीत होता. गॅसवाला पोरगा सिलिंडर दारात ठेवून गेला. मंजुश्रीने सवयीने वाट बघितली. अव्वा जागची हलली नाही.

"अव्वा, विभूती?"

"नेऊ दे आत तसंच," अव्वा म्हणाली. "आजकालच्या वस्तूला सोसत न्हाई."

सिलिंडर तसंच आत गेलं. विरूपाक्ष ते बघत राहिला. एसटीत त्याने फोन खिशातून काढला नाही. काल ठरवलेलं एक वाक्य त्याच्याजवळ होतं: पीस कच्चा निघाला, बाकी फोन चालणार, वीस उचला. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. शेठ खूश, साहेब खूश, आणि चौदा वर्षांचा डाग धुतला गेला असता. गोलाई येईपर्यंत ते वाक्य त्याने दहादा म्हणून बघितलं आणि दर वेळी त्याला ते बिनविभूतीचं सिलिंडर दिसलं.

कंपनीचा साहेब आला होता. तरुण, चुणचुणीत, लॅपटॉप उघडून बसलेला. लाखो वेळा उघडझाप करून बघितली आहे, म्हणत होता. "फोल्ड आता सगळ्यांसाठी तयार आहे, शेठ. मास मार्केट. लातूर मागे का राहील?"

"आमचे अप्पा सांगतील," शेठ म्हणाले. "दोन दिवस त्यांच्याकडंच हुता."

विरूपाक्षने फोन काउंटरवर ठेवला आणि उघडला. कर्रर्र. काळी रेघ सगळ्यांना दिसली. दुकानातली माणसं पुढे सरकली.

"हे काय झालं?" साहेब म्हणाला.

"विभूती गेली मदी."

"काय गेली?"

"माझ्या आईनं विभूती लावली. मीच उघडून धरला, मीच मिटला. चूक माझी हाय शेठ, नुकसानीचा जिम्माबी माझा." मग तो साहेबाकडे वळला. "आमच्याकडं नवी वस्तू आली की लावतेत. तुमच्याकडं हळदीकुंकू लावत असतील."

"पण काका, धुळीपासून जपायचं, हे माहितीपुस्तकात लिहिलंय."

"साहेब, विभूती धूळ न्हाई."

कुणी तरी खुसकन हसलं. साहेबही हसला, पण मग लॅपटॉप मिटत शेठकडे वळला. "यांचं काम काच बसवण्याचं आहे ना? फोल्डला काच लागत नाही. तेव्हा यांना तो आवडणार नाहीच."

हीच ती गोष्ट, ज्याची त्याला शनिवारपासून भीती होती. शेठनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. विरूपाक्षला वाटलं, आता हे परत कधी विचारणार नाहीत. वाटलं आणि तरी तो बोलला.

"शेठ, मला हो म्हनायचं हुतं. आईशप्पथ. चौदा वर्सं झाली, तुम्ही विचारलं न्हाई, मी वाट बघून राहिलो. हो म्हनायचं ठरवूनच गेलतो इथून. अन् फोन लई झकास हाय. एसटीत सगळी बस उठून बघायली. माझ्या आईला नातीच्या हनुवटीवरचा तीळ दिसला, दोन वर्सांत पहिल्यांदा. ती रडली न्हाई, पन आम्ही रडलो. लोकाला पायजे हा फोन, शेठ. लोकं तयार हायत. फोनच अजून तयार न्हाई. ज्यानं त्यानं एकच इचारलं, मदी काय गेलं तर? शेंगदाना गेला तर, तंबाखू गेली तर. अन् आपल्या घरात काय ना काय जानारच. आज माझ्या आईनं भरल्या सिलिंडरला विभूती लावली न्हाई. भिऊन. साठ वर्सांत पहिल्यांदा. ज्या फोनपायी घरातलं मानूस आपल्या हाताला भ्यायलंय, तो घराघरात कसा जाईल?"

तो थांबला. एवढं तो या दुकानात एका दमात कधी बोलला नव्हता.

साहेबाने फोन उचलून घडीवरून अंगठा फिरवला. अंगठा पांढरा झाला. तो पँटला पुसायला गेला, पुसला नाही, हातरुमाल शोधला, तोही काढला नाही. शेवटी त्याने अंगठा कपाळाला टेकवला आणि फोन पिशवीत ठेवला.

"डेमो पीस आहे, काका. मी बघतो," तो म्हणाला. "कंपनीत काय सांगू ते मात्र मला कळेना."

"हेच सांगा," शेठ म्हणाले. "अन् दोन पीस द्या. कुनी नाव घेऊन मागितला तर असावा. वीस नगं. काउंटर हाय तसा राहू द्या."

दसऱ्याला समोरच्या दुकानात घडीच्या फोनचा काउंटर लागला, निळ्या दिव्यांचा. गर्दी होती. ती बघायची होती की घ्यायची, ते इकडून कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विरूपाक्षने काचेतून मान उंचावून बरेचदा बघितलं. आपण पुन्हा चुकलो असू, असं दिवसातून दोनदा तरी त्याला वाटायचं. शेठही बघायचे. पण त्या गर्दीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि या वेळच्या न बोलण्याने विरूपाक्षला काही टोचलं नाही. कारण त्याच संध्याकाळी शेठ एक खोका घेऊन त्याच्या कोपऱ्यात आले आणि स्टूल ओढून बसले.

"अप्पा, हा साधाच हाय. पन पडदा मोठा, आवाज मोठा, पान्यात पडला तरी चालतो म्हनतेत. म्हनतेत. मला कसं कळावं?" त्यांनी खोका पुढे सरकवला. "घरी न्या. अव्वाला दाखवा. अव्वाच्या हातून पास झाला तर पन्नास मागवू."

विरूपाक्ष घरी पोचला तेव्हा अव्वा ओसरीवर बसली होती. त्याने खोका उघडला, फोन तिच्या पुढ्यात ठेवला. तिने बघितला. हात लावला नाही.

"अव्वा, विभूती."

"नगं बाबा. परत तुझ्या दुकानाचं काही तरी व्हायचं."

म्हणजे पीस कच्चा नव्हता, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. विरूपाक्षने वरच्या फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"शेठनं मुद्दाम पाठवलाय. म्हनले, अव्वाच्या हातून पास झाला तरच दुकानात ठेवायचा."

"शेठ म्हनला?"

"हाव."

अव्वा जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, खरं बोलतोय की मन राखतोय ते तपासत. मग तिने वडी तळहातावर घासली. नेहमीपेक्षा जरा जास्तच घासली. तीन बोटं फोनजवळ नेऊन ती थांबली.

"कुठं लावू?" तिने विचारलं. हे तिने आजवर कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"कुठंबी लाव, अव्वा," विरूपाक्ष म्हणाला आणि त्याने हात जोडले.

आत मंजुश्रीने गॅस पेटवला. अव्वाने पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन रेघा ओढल्या, ठसठशीत, आणि बोटांना उरलेली विभूती लेकाच्या कपाळाला लावली.